झोपेत हरवलेली वेळ

२००९ सालच्या पावसाळ्यातली एक पहाट आम्हां भावंडांच्या मनातून अजून जात नाही. अण्णा नेहमीप्रमाणे साडेपाचला जागे झाले, पण उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणे अडखळत होते. झोपेत हात अवघडला असेल, अशी समजूत करून घेऊन आम्ही तेल चोळले, चहा पाजला आणि उजाडल्यावर त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांना शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. रात्री दहाला त्यांनी दिवा मालवला, एवढेच ठाऊक होते.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. उशिरा दिल्यास तेच औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. झटक्याची वेळ ठाऊक नसेल तर हिशेब निजण्याच्या वेळेपासून धरायचा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, तरी इंजेक्शन मिळाले नाही. अण्णा पुढे सहा वर्षे जगले; उजव्या हाताने सही मात्र पुन्हा कधी केली नाही.

झोपेत हरवलेली ती वेळ एमआरआयला बऱ्याच अंशी शोधता येते, हे आम्हांला फार उशिरा कळले. रक्त तुटलेल्या पेशी फुगतात आणि त्यांच्यातील पाण्याचे रेणू अडखळतात. 'डिफ्यूजन' चित्रात ही जागा काही मिनिटांतच उजळते. 'फ्लेअर' चित्रात ती उमटायला काही तास लागतात. पहिल्यात दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. या आधारे युरोपात झालेल्या 'वेक-अप' चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ५३ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ४२ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले होते. रक्तस्रावाची जोखीम मात्र औषधाबरोबर वाढलीच.

पण मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला आहे. तिथे अर्धा तास चालणारे चित्रण परवडत नाही. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली सुचवलेल्या 'इको प्लेनर' पद्धतीने एका छेदाचे चित्र सेकंदाच्या अंशात टिपता येऊ लागले. पुढे २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच पद्धतीच्या बळावर २०१४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी झटक्याच्या रुग्णाची संपूर्ण तपासणी सहा मिनिटांवर आणून दाखवली.

सहा मिनिटे! त्या पहाटे तेल आणि चहा यांत आम्ही पाऊण तास घालवला होता. यंत्र कितीही वेगवान झाले तरी उंबरठ्याच्या आत गेलेला तो पाऊण तास परत मिळत नाही. आता आमच्या घरात कुणाचे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा जीभ जडावली, तर आधी घड्याळ पाहायचे आणि तसेच निघायचे, असे लहानांनाही सांगून ठेवले आहे.