चार वळवळत्या रेघा

डाळमिलमध्ये जमाखर्च लिहिण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. निवृत्त झालो तेव्हा मुलीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाली, "पप्पा, यावर पत्ते खेळा." महिनाभर खेळलो. एका दुपारी जळगावचा उन्हाळा खिडकीवर धडका देत असताना पत्त्यांचा वीट आला आणि मी सहज आमच्या गावाचं नाव टाकलं. मराठी विकिपीडियावर चक्क गावाचं पान निघालं! मी बायकोला हाक मारली. ती हात पुसून, चष्मा शोधून येईपर्यंत माझं पान वाचून संपलंसुद्धा होतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं एक गाव, बस. खाली मथळे मात्र ऐटीत उभे: लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. मथळ्यांखाली काहीच नाही. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या आणि वाढपी पळून गेले, तशी गत. बायको म्हणाली, "यासाठी बोलावलं?"

हे पान कुणीही लिहू शकतं, हे मला माहीत नव्हतं. विकिपीडिया म्हणजे अमेरिकेत कुठलं तरी ऑफिस असेल आणि तिथं पगारी माणसं बसत असतील, असं मी धरून चाललो होतो. 'संपादन' या शब्दावर चुकून बोट पडलं आणि पान उघडं पडलं, शिवण उसवलेल्या गादीसारखं. आत कंस, उभ्या रेघा, तारका. त्यातून वाट काढत मी पाच वाक्यं लिहिली. गाव निसर्गरम्य आहे, माणसं प्रेमळ आहेत, इथल्या भरताच्या वांग्यांची चव कुठं मिळणार नाही, वगैरे. 'बदल प्रकाशित करा' दाबताना छातीत धडधडलं. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा पहिल्यासारखं रिकामं. मी तीनदा लॅपटॉप बंद-चालू केला.

मुलीनं फोनवरून सांगितलं, "'इतिहास पहा'वर टिचकी मारा." तिथं वहीच निघाली. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठलं अक्षर घातलं किंवा काढलं, सगळं तारीखवार. जमाखर्चवाल्याला यापेक्षा सुंदर काही दिसणं शक्य नाही, खोडरबर नसलेली रोजकीर्द! त्यात माझी नोंद होती ११ वाजून ४० मिनिटांची. आणि ११ वाजून ५२ मिनिटांची दुसरी: मजकूर 'उलटवला', कारण 'अविश्वकोशीय'. हा शब्द मी तीनदा मोठ्यानं वाचला. अर्थ साधा होता. माणसं प्रेमळ आहेत, हे कोणी मोजलं?

एक दिलासा होता. माझ्या नावाच्या 'चर्चा पाना'वर चौकटीत एक सुरेख स्वागत आलं होतं. मी भारावून दोन परिच्छेदांचं आभारपत्र लिहिलं, घरच्यांना नमस्कार कळवला. मुलगी हसत सुटली. तो 'साचा' होता म्हणे, म्हणजे करंजीचा असतो तसाच. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यातून एक काढून देतात.

तिथंच कळलं की नवख्यांनी आधी 'धूळपाटी'वर हात बसवावा. तिथं काही बिघडत नाही. गावगप्पांना 'चावडी' आहे, व्यवस्था बघणारे ते 'प्रचालक', आणि सगळे बिनपगारी. हे मराठी दुकान १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी उघडलं, इंग्रजीनंतर दोन वर्षांनी. चावडी शब्द पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. गेलो आणि तक्रार मांडून आलो. खाली कुणीतरी नम्रपणे लिहिलं, सही राहिली. मी खाली माझं पूर्ण नाव टंकलं. पुन्हा उत्तर: तसं नाही, चार वळवळत्या रेघा काढायच्या, मग नाव, वेळ, तारीख आपोआप उमटतं. ती वळवळती रेघ मराठी कळपाटावर कुठं असते हे शोधण्यात संध्याकाळ गेली. एक आकड्याच्या डावीकडे, कोपऱ्यात, इंग्रजीत गेल्याशिवाय येत नाही. सहीच्या भानगडीत तक्रार काय होती तेच विसरलो.

मग ठरवलं, प्रेमळ माणसं सोडायची, मोजता येईल ते लिहायचं. आमच्या गावात तसं एकच आहे: पांझरेवरचा बंधारा आणि त्याखालची फड बागायत. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानतात. आमच्या पांझरेवर आहे, नाशिककडं मोसम आणि आरम नद्यांवर आहे. दगडी बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी पाटात घ्यायचं, पाटातून चाऱ्यांत, चारीतून सारंगात, उरलेलं सांडव्यावाटे परत नदीला. खालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात दहा मालक असोत की पन्नास, पीक सगळ्यांचं एकच. यंदा ऊस कुठल्या फडात, कोरडा कुठला ठेवायचा, ते गावानं पाणी बघून ठरवायचं. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: आपल्या शेताला पाणी आपण द्यायचं नाही. ते पाटकरी देणार. पिकाची राखण जागल्या करणार, त्यांच्यावर देखरेख हवालदाराची. माझे वडील पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन निघायचे. स्वतःच्या शेताची पाळी आली तरी घड्याळात एक मिनिट इकडचं तिकडं नाही, म्हणून आई चिडायची.

हे सगळं मी सहा वाक्यांत बसवलं. सहाही वाक्यांपुढं बारीक अक्षरात 'संदर्भ हवा' येऊन चिकटलं. मी चर्चा पानावर (सहीसकट) लिहिलं की माझे वडील पाटकरी होते. उत्तर आलं, कृपया प्रकाशित संदर्भ द्यावा. वडील १९९४मध्ये गेले. त्यांना प्रकाशित कसं करणार? मी लॅपटॉप मिटला. सोडून जाणारी बहुतेक माणसं इथंच सोडून जात असावीत असं मला वाटतं, भांडून नाही, नुसतं झाकण लावून. वीस दिवस मी पत्ते खेळलो.

परतलो ते एका वेलांटीमुळे. टपालात सूचना आली की तुमच्या पानात बदल झाला आहे. घाबरत उघडलं. वाक्यं जागेवर होती. कुणीतरी रात्री अडीचला माझा 'पाणि' दीर्घ करून गेलं होतं, 'पाणी'. बाकी एक अक्षर नाही. तेहतीस वर्षं मी खतावण्या लिहिल्या, पण कुणी रात्री उठून माझं शुद्धलेखन तपासलं नव्हतं.

मग पुराव्याच्या मागे लागलो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाचा १२वा खंड, १८८०चा, नेटवर मिळाला. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. आत्मविश्वास इतका चढला की त्यातला लोकसंख्येचा आकडा उचलून थेट धुळे जिल्ह्याच्या पानावर नेऊन ठेवला. पंधरा मिनिटांत कुणीतरी समजावलं, १८८०चा खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एक जिल्हा. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६मध्ये झाले, नंदुरबार तर १९९८मध्ये वेगळा झाला. म्हणजे मी माझ्या राहत्या घरासकट अख्खं जळगाव धुळ्यात घातलं होतं.

एरंडोल, पारोळा करत एसटीनं धुळ्याला गेलो. एका वाचनालयात सिंचनावरचं पुस्तक मिळालं. दोन पानं जशीच्या तशी उतरवून आणली आणि गावाच्या पानावर चढवली. गेली! कारण 'प्रताधिकार'. माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात, हा बारकावा मला साठाव्या वर्षी कळला. त्याच फेरीत राजवाडे संशोधन मंडळावरून गेलो. आयुष्यभर त्यावरून जाताना मी ते व्याख्यानांचं सभागृह समजत आलो होतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरं गोळा करत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, आणि असे बावीस. ते ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ उभं राहिलं. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तर आमच्या साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचे. त्याच तालुक्याची आजची बाजू सांभाळायला डाळमिलचा मुनीम, हे मनात येऊन तिथंच घाम फुटला.

फोटोचीही एक गंमत झाली. पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला बंधाऱ्याचा फोटो मी 'माझे स्वतःचे काम' म्हणून चढवला. तो त्याचाही नव्हता, कुणाकडून तरी आलेला. उडाला. शेवटी गावाला जाऊन स्वतः काढला. कोपऱ्यात माझा अंगठा आहे. आता तो फोटो कुणीही वापरावा, विकावाही, फक्त नाव द्यावं आणि त्याच अटीवर पुढं द्यावा. अंगठ्यासकट.

बंधाऱ्यावर आबा बसले होते. वडिलांचे चुलतभाऊ, नव्वदीला टेकलेले. मी फोनवरून पान वाचून दाखवलं.

"पैसा देतस का?"

"नाही, आबा."

"मंग तुले काय भेटस यानं?"

मला सांगता येईना. आबांनी पुन्हा वाचायला लावलं आणि मध्येच थांबवलं. "चुकेल शे. तो फड खालचा नही, वरला शे."

साठ वर्षं ज्या गावाचा म्हणवून घेतो, त्याचा वर-खाली मला माहीत नव्हता. आणि आता दुरुस्ती करायची तर आबांचा प्रकाशित संदर्भ कुठून आणू? ते वाक्यच काढून टाकलं. काढताना कारण लिहिलं: 'खात्री नाही'. ती नोंद कुणी उलटवली नाही.

आता माझी एक 'निरीक्षणसूची' आहे, पहाऱ्याची पानं. रोज चहासोबत साक्रीच्या गावांवरून फेरी मारतो. शाळेच्या सुट्ट्यांत पोरं येऊन एकमेकांची नावं सरपंच म्हणून लिहून जातात, ती पुसतो. परवा शेजारच्या गावाच्या पानावर नवीन मजकूर दिसला: गाव अतिशय सुंदर असून माणसं फार प्रेमळ आहेत. उलटवण्याच्या कळीवर बोट गेलं. मग वाटलं, साचा नको, हातानं लिहू. त्याच्या चर्चा पानावर गेलो, चांगलं अर्धा तास बसून लिहिलं. धूळपाटी सांगितली, गॅझेटियर सांगितलं, बंधाऱ्याचा फोटो काढ म्हटलं, अंगठा सांभाळ म्हटलं.

दहा मिनिटांनी खाली कुणाची तरी टीप आली. सही राहिली होती.