वास न येणारी नशा

मी यवतमाळ डेपोत वाहक होतो. या नोकरीत माणसाचं नाक तयार होतं. कोण ‘घेऊन’ आलाय, हे त्यानं पायरीवर पाय ठेवल्याबरोबर कळतं. कळंबवरून देवळीकडे जाणाऱ्या गाडीत तर कानही तयार ठेवावे लागत, कारण पुढे गांधीजींचा दारूबंदीचा वर्धा जिल्हा आणि सीटखालच्या पिशव्यांतून काचेचा आवाज. दारू पिणारा मला फसवू शकत नसे. माझ्या धाकट्या मुलाच्या नशेला मात्र ना वास होता ना आवाज. ती औषधाच्या दुकानातून, चंदेरी पाकिटात घरी येत होती.

२०२१ च्या दिवाळीआधी दारव्हा रोडवर त्याची मोटरसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. आत रॉड टाकला. त्याच सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. घरात पगार येईना. मोबाईल दुरुस्तीचं त्याचं काम, म्हणजे दिवसभर मान खाली घालून बसणं. पाय पुरता भरला नव्हता तरी तो दुकानात जायला लागला. दुखणं थांबावं म्हणून दिलेली ट्रॅमाडॉलची कॅप्सूल होती. डॉक्टरांची चिठ्ठी काही दिवसांची होती. चिठ्ठी संपली, कॅप्सूल संपली नाही.

ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं, पण कारखान्यात बनणारं औषध. दुखण्यावर ते चांगलं आहे, आणि त्याची सवयही लागते. म्हणून एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. कायदा दिल्लीत झाला तरी काउंटरच्या आड ओळखीच्या माणसाला काय मिळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. एका दुकानात नाही मिळालं की मुलगा दुसऱ्या गावी जाई. ट्रॅमाडॉल नसलं की टॅपेन्टाडॉल घेई. तेही त्याच कुळातलं.

आणि घरात दिसत काय होतं? मुलगा वेळेवर घरी येतो, कोणाशी भांडत नाही, रात्री उशिरापर्यंत काम करतो. शेजारी म्हणत, पोरगा सुधारला. पोट साफ होत नाही म्हणून तो सारखं चूर्ण घेई, नाक खाजवी, ताटावर बसल्या बसल्या पेंगे. त्याच्या आईला वाटलं, कावीळ असेल.

मग एका सकाळी ओसरीत त्याला झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. ‘मिरगी हाय, मिरगी,’ म्हणत कोणी चप्पल आणली, कोणी कांदा फोडला. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. आम्हाला बाहेर काढून त्याच्याशी एकट्याशी बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, ‘काका, ही मिरगी नाही. गोळ्या जास्त झाल्या की असा झटका येतो. तो आता खरं बोलायला लागलाय, त्याला रागावू नका.’

रागवायला जीवच उरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या अंगातून ते औषध उतरायला लागलं. आधी जांभया, एकामागून एक. मग नाक-डोळे गळू लागले, उन्हाळ्यात अंगावर काटा, जुलाब, पायात गोळे. झोप तर अजिबात नाही. रात्रभर तो पलंगाच्या कठड्यावर पाय आपटत होता. ‘बाबा, एकच आणून द्या न. एकच. मंग कधीच नाही मांगत,’ असं म्हणायचा. त्याची आई पदर तोंडात कोंबून बाहेर जाऊन बसे. ज्यांना हे ‘मनावर घेतलं की सुटतं’ असं वाटतं, त्यांनी अशी एक रात्र त्या पलंगाशेजारी काढावी. पंचवीस वर्षांच्या धडधाकट मुलाला लहान लेकरासारखं पुसून काढताना मनाच्या ताकदीवरची प्रवचनं आठवत नाहीत.

प्रवचनं मात्र पुष्कळ आली. कोणी म्हणालं शेगावला नेऊन शपथ घाला, कोणी म्हणालं माळ घाला. शेगावच्या महाराजांवर माझी श्रद्धा आहे. शेगावला आम्ही गेलोही. पण जेवणात गुपचूप मिसळायची पुडी घेऊन एक नातेवाईक आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. न सांगता दिलेल्या औषधानं माणूस दगावू शकतो. दुसऱ्या एका जिल्ह्यातलं व्यसनमुक्ती केंद्र पाहून आलो. खोलीला बाहेरून कुलूप, पोरांना घरी फोन करायची मुभा नाही, आणि ‘इथं आल्यावर सगळे सरळ होतात’ हे अभिमानानं सांगणारा व्यवस्थापक. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या रुग्णांनाही लागू आहे, आणि मारहाण, साखळदंड, छळ त्याला मान्य नाही, हे मला नंतर कळलं. तिथून मी चहाही न घेता निघालो.

पुण्याच्या मुक्तांगणचंही नाव निघालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते उभं केलं. अवचटांचं ‘गर्द’ मी त्या दिवसांत वाचलं. त्यातली ब्राऊन शुगरची दुनिया मुंबई-पुण्याची, पण त्यातले आईबाप आमच्यासारखेच वाटले. मुलगा मात्र पुण्याला राहायला तयार होईना, दुकान सुटेल म्हणाला. दवाखान्यातल्या समाजसेविकेनं नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता दिला. पोलीस केस होईल का, हे मी तिला हळूच विचारलं. ‘उपचाराला आलेल्या पेशंटची नावं आम्ही पोलिसांकडे पाठवत नसतो काका,’ असं तिनं सांगितलं, तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

नागपूरला ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं. जिभेखाली ठेवायची गोळी; विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायची नाही. अंगातली जुनी नशा उतरायला लागल्यावरच ती द्यायची, नाहीतर त्रास उलट वाढतो. जुन्या कॅप्सूलनं मेंदूत जी जागा पकडलेली असते, तीच ही गोळी धरून ठेवते. तलफ आणि कळा थांबतात, पण पूर्वीसारखी गुंगी चढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ पासून हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलं आहे. आमच्या घरात त्याचा अर्थ इतकाच की मुलगा जेवायला लागला आणि रात्री झोपायला लागला.

गोळ्यांची पट्टी त्याच्या आईच्या ताब्यात. सकाळी चहाआधी ती एक काढून देते, तो ओसरीत बसतो, मी पेपर वाचत त्याच्या समोर बसतो. पहारा म्हणून नाही. त्या वेळात बोलायचं नसतं, म्हणून आमच्यात भांडणही होत नाही. पहिले काही महिने त्याचा पगार त्यानंच आईकडे दिला. मोबाईलमधले ओळखीच्या दुकानदारांचे नंबर त्यानं स्वतः काढून टाकले. माझ्या वाट्याला नागपूरची फेरी असते. गाडीत तो खिडकीशी बसतो आणि वर्धा येईपर्यंत गप्प असतो. पुढे बोलतो. त्याच्या आजाराबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं मी या वर्ध्यापुढच्या प्रवासात ऐकलं.

खरा त्रास तो बरा दिसू लागल्यावर सुरू झाला. ‘भाऊजी, एक नशा सोडून दुसरी लावली तुम्ही,’ हे त्याच्या मामाचं वाक्य सगळ्या नात्यात फिरलं. साखरेची गोळी रोज घेणाऱ्याला हे कोणी म्हणत नाही. मुलगी पाहायला जायचं ठरलं तेव्हा पट्टी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मुलानं परस्पर औषध बंद केलं. पंधरवडाही गेला नाही, तो पुन्हा जुन्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानंच मला फोन करून सांगितलं, ‘बाबा, या.’ नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला दोष दिला नाही, पण आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. कोणी पूर्वीइतक्याच गोळ्या एकदम घेतल्या, तर श्वास बंद पडू शकतो. पुन्हा सुरू होणं हा या आजाराचा भाग आहे, पण खरा धोका तिथेच आहे.

ते स्थळ गेलं. त्याच्या आईला अजून त्याची चुटपुट आहे, मला नाही.

दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात शंभरातले सुमारे दोन जण अफूच्या कुळातलं काही ना काही घेतात, आणि त्यात दुखण्याच्या औषधांचा वाटा हेरॉइनच्या फार मागे नाही. म्हणजे अशी घरं यवतमाळातही असणार. दारूविरुद्ध आमच्या जिल्ह्यात बाया रस्त्यावर उतरल्या, ‘स्वामिनी’चं आंदोलन सगळ्यांनी पाहिलं. गोळ्यांसाठी मोर्चा कोणावर न्यायचा?

मुलगा आता दुकानात नियमित जातो. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आहे. बंद कधी करायची ते तेच ठरवतील. घरात कोणी असं असेल तर गोळ्या हिसकावून एका दिवसात बंद करू नका, सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, बोलायला पैसे लागत नाहीत. आणि नातेवाइकांना हात जोडून एकच सांगणं आहे. पोराला भेटायला या, चहा घ्या, क्रिकेटवर बोला. औषध कधी संपणार, हे विचारू नका.