शब्दांचे दोन डबे

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पाचवीत ए, बी, सी, डी; सातवी-आठवीपर्यंत लहान लहान वाक्ये; आणि दहावी झाली की अकरावी सायन्सला एकदम सगळेच इंग्रजीत. नायगावच्या बी.डी.डी. चाळीतल्या आमच्या मजल्यावरून जी चार-पाच मुले सायन्सला गेली, त्यांतली बहुतेक वर्षभरात परत फिरली. कुणी कॉमर्स धरले, कुणी आय.टी.आय. लोक म्हणत, 'गणित झेपले नाही पोराला.' दहावीला गणितात शंभरपैकी एेंशी-पंच्याऐंशी घेणाऱ्या मुलाला पुढच्याच वर्षी गणित झेपत नाही, हे मला कधी पटले नाही. गणित तेच होते. त्यांना अडवले शब्दांनी, आणि तेही मोठ्या शब्दांनी नव्हे.

'फोटोसिन्थेसिस' हा शब्द दिसायला अवघड, पण त्याची व्याख्या पुस्तकात असते, सर फळ्यावर लिहून देतात, परीक्षेत विचारतात. मूल तो पाठ करते. अडते ते मधल्या शब्दांशी. 'रिस्पेक्टिव्हली', 'कॉन्सिक्युटिव्ह', 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'हेन्स'. आपल्या मुलाला 'अनुक्रमे' हा मराठी शब्द चांगला ठाऊक असतो, पण 'रिस्पेक्टिव्हली' पाहून तो त्यात मान-सन्मान शोधत बसतो. 'प्रोव्हाइड' म्हणजे पुरवणे हे त्याने केलेले असते. पण गणितात 'प्रोव्हायडेड' आले की त्याचा अर्थ 'या अटीवर' असा होतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. इंग्रजीच्या सरांना वाटते हा शब्द गणिताचा, गणिताच्या सरांना वाटते हा इंग्रजीचा. पुढे 2000 साली न्यूझीलंडमध्ये अॅव्हेरिल कॉक्सहेड या बाईंनी कॉलेजातली पुस्तके आणि लेख तपासून अशाच शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्द-कुटुंबे त्यात आहेत. 'अझ्यूम' आणि 'डिराइव्ह' अगदी पहिल्या गटात आहेत. ती यादी मी पाहिली तेव्हा मला आमच्या मजल्यावरची ती मुले आठवली. 570 म्हणजे किती? दिवसाला दोन धरले तर वर्षही लागत नाही.

मी नववीत गेले 1990 साली. आम्हाला इंग्रजीला एक सर होते, फार बोलत नसत. एकदा त्यांनी फळ्यावर मराठीतच लिहिले: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. विचारले, यांत काय सारखे आहे? 'हार' सारखा आहे, हे कुणीही सांगेल. मग म्हणाले, पुढचे अक्षर बदलले की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे तुम्हाला लहानपणापासून येते. इंग्रजीतही तेच आहे, फक्त तिथले धातू लॅटिनचे आणि ग्रीकचे. आणि त्यांनी 'पोर्ट' लिहिला. लॅटिनमध्ये वाहून नेणे. आत वाहून आणणे ते 'इम्पोर्ट', बाहेर नेणे ते 'एक्स्पोर्ट', पलीकडे नेणे ते 'ट्रान्सपोर्ट', खालून उचलून धरणे ते 'सपोर्ट', परत वाहून आणलेली बातमी ती 'रिपोर्ट', आणि ओझे वाहणारा तो 'पोर्टर', म्हणजे आपला हमाल. एका धातूत सहा शब्द झाले. दुसऱ्या दिवशी 'स्पेक्ट', पाहणे: 'इन्स्पेक्ट', 'सस्पेक्ट', 'प्रॉस्पेक्ट', 'स्पेक्टेटर'. आमच्या गिरणगावात 'एक्स्पोर्ट' हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत होता, कारण तो कापडाच्या गाठींवर छापलेला असे. पण तो उघडून आत काय आहे हे कुणी पाहिले नव्हते.

गिरणीवरून आणखी एक सांगते. एका धड्यात कुणी साहेब टोपी 'डॉफ' करतो असे आले. सरांनी अर्थ विचारला. वर्गात शांतता. मी हात वर केला आणि म्हटले, 'काढणे.' सरांनी विचारले, कसे ओळखलेस? माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गिरणीत लागले ते रिंग खात्यात डॉफर म्हणून. सुताने भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे डॉफरचे काम. टोपी काय, बॉबिन काय, काढायचेच की. सर खूश झाले आणि त्यांनी पुढचे सांगितले: 'डू' आणि 'ऑफ' मिळून 'डॉफ', आणि अंगावर चढवणे ते 'डू' आणि 'ऑन' मिळून 'डॉन'. त्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना हे सांगितले. ते म्हणाले, 'म्हंजी म्या बी विंग्रजीच करत हुतो म्हनायचं.' आमच्या घरांत इंग्रजी नाही असे आपण म्हणतो. आहे, पुष्कळ आहे: बॉबिन, वाइंडिंग, जॉबर, शिफ्ट, बोनस, ओव्हरटाइम. कामगाराच्या तोंडचे हे शब्द मुलाने वहीत लिहून शब्दकोशात पाहावेत. सुरुवात तिथून केली तर भीती अर्धी होते.

मात्र बोलीतल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. आपण म्हणतो, 'नापास झाला म्हणून नर्व्हस आहे,' म्हणजे उदास आहे. इंग्रजीत 'नर्व्हस' म्हणजे मनात धाकधूक असलेला, परीक्षेच्या आधीचा, नंतरचा नव्हे.

शब्द एकटा पाठ करू नये, हेही सरांचेच. मराठीत झोप गाढ असते, धुके दाट, ऊन कडक. 'गाढ ऊन' म्हटले तर शेंडेफळसुद्धा हसेल. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग'. उलट केले की हसे होते. म्हणून कार्डावर शब्दाबरोबर त्याचा सोबती लिहायचा, आणि एक वाक्य. घरी वीरकरांची डिक्शनरी होती, ती मराठी अर्थ देई. वाक्यासाठी मी वाचनालयात जाऊन हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडत असे. तो 1948 सालापासून परक्या भाषेतल्या विद्यार्थ्यांसाठीच निघतो, त्यात शब्द वापरून दाखवलेला असतो.

कार्डे म्हणजे काही विकत आणलेली नव्हेत. लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापून चार तुकडे करायचे. एका बाजूला इंग्रजी, मागे मराठी. आणि आमच्याकडे दोन डबे होते, एक निळा बिस्किटांचा आणि एक डालडाचा. न येणारा शब्द निळ्यात, आलेला डालडाच्या डब्यात. माझी परीक्षा घेई ती माझी आई. आईला अक्षर-ओळख नव्हती, मराठीचीही नाही. संपानंतर ती घरी राख्यांचे काम करी, हात चालू असत आणि कान माझ्याकडे. ती म्हणे, 'बोल.' मी इंग्रजी शब्द वाचून अर्थ सांगे. अर्थ बरोबर की चूक हे तिला कळण्याचा प्रश्नच नव्हता. ती फक्त ऐके, मी थांबते का. थांबले की म्हणे, 'अडखळलीस. परत टाक निळ्यात.' अर्थ अगदी बरोबर असला तरी. मी भांडे. ती ऐकत नसे. पुढे मला कळले की तिची पद्धत पक्की होती. जो शब्द आठवायला क्षणभर लागतो तो वाचताना उपयोगी पडत नाही, ओळ तिथेच तुटते. आलेली कार्डे ती दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा काढायला लावी, कारण 'पापड बी परत परत ऊन दाखवावं लागतं.' विसरण्याचा हा हिशेब हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून मांडलेला आहे. आईने तो राख्या करता करता मांडला.

ज्या घरात आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, तिथे मुलाचा अभ्यास कोण घेणार, असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

आता या शब्दांचा उपयोग काय झाला ते. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अण्णा नंतर कसेबसे परत कामावर लागले, पण गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही. 1991 साली, मी दहावीत असताना, व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. दोन पानी, टाइप केलेला, सगळा इंग्रजीत. बाबूने सांगितले होते, सही करून द्या, चेक घेऊन जा. अण्णा तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घालून घरी आले. म्हणाले, 'काय लिवलंय गं ह्यात? वाच.'

मला तो सरळ वाचता आला असे नाही. पण कुठे थांबायचे ते कळत होते. रकमेचा आकडा पहिल्या पानावर होता. दुसऱ्या पानावर एक शब्द होता, डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई. उच्चार 'वेव्ह', लाटेसारखाच; पण लाटेच्या स्पेलिंगमध्ये 'आय' नसतो. डिक्शनरी काढली. 'हक्क सोडून देणे.' त्याच ओळीत पुढे 'क्लेम्स', आणि त्याआधी 'ऑल'. वरच्या परिच्छेदात 'इन्क्लूडिंग' आणि त्याला लागून 'ग्रॅच्युइटी'. म्हणजे चेकवरच्या रकमेतच ग्रॅच्युइटी धरलेली होती आणि खाली बाकी सगळे हक्क सोडले असे लिहून घेतलेले. मी अण्णांना एवढेच सांगितले: 'अण्णा, यात ग्रॅच्युइटी वेगळी नाही. आणि पुढे काही मागायचे नाही असे लिहिलेय.' ते बराच वेळ बोलले नाहीत. बावीस वर्षांची नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी खात्यातले सात-आठजण मिळून एका कामगार वकिलाकडे गेले. त्यांनी सांगितले की ग्रॅच्युइटी ही मालकाची मेहरबानी नव्हे. 1972 च्या कायद्याप्रमाणे दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हा कामगाराचा हक्क आहे, आणि असा कागद लिहून घेतला म्हणून तो बुडत नाही. पण एकदा सही गेली की तो मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पाच महिने गेले. शेवटी ग्रॅच्युइटी वेगळी दाखवून नवा कागद आला. तो आम्ही सहीआधी दोनदा वाचला. ज्यांनी पहिल्याच दिवशी सह्या केल्या होत्या, त्यांतल्या काहींचे खटले मी नोकरीला लागले तेव्हाही चालू होते.

बाबासाहेबांचे इंग्रजी आपण सगळे कौतुकाने सांगतो, पण ते कसे तयार झाले हे कमी सांगतो. सुभेदार रामजी सकपाळ यांनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुरी करून घेतली होती. मराठीतल्या शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ते मुलाला शोधायला लावत. 1907 च्या मॅट्रिकमागे ही रोजची घासणी होती. आणि शब्द नेमका असला की काय होते ते संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात पाहावे. अस्पृश्यतेबाबत तिथे नुसती मनाई केलेली नाही. आधी 'अबॉलिश' हा शब्द आहे, मग पाळण्यास बंदी आहे. मनाई असलेली गोष्ट अस्तित्वात असते, फक्त करायची नसते. 'अबॉलिश' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिला अस्तित्वच उरले नाही. हे दोन शब्द मी मुलांना नेहमी शेजारी शेजारी लिहून देते.

आता परिस्थिती बदलली. 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, सेमी-इंग्रजीचे वर्ग वस्तीवस्तीत आहेत, आणि मोबाइलवर कोणताही शब्द दाबला की अर्थ येतो. येतो आणि जातोही. माझ्याकडे रविवारी नववी-दहावीची मुले येतात, त्यांच्याकडे पाहून सांगते. काहीजण नॉर्मन लुइस यांचे 1949 सालचे शब्दसंग्रहाचे पुस्तक घेऊन येतात. पुस्तक उत्तम आहे, धातूंवरच रचलेले. पण लग्नाचा तिटकारा असलेल्याला काय म्हणतात हे ज्याला येते, त्याला 'रिस्पेक्टिव्हली' विचारले की तो वर पाहतो. क्लासवाल्यांनी 'अॅडव्हान्स्ड' म्हणजे दुर्मिळ असा अर्थ करून ठेवला आहे. साधारण 2,000 नेहमीच्या शब्द-कुटुंबांत लेखी मजकुराचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग बसतो. म्हणजे दर पाचवा शब्द बाहेरचा. इंग्रजी वर्तमानपत्र कुणाला न विचारता वाचायचे तर आठ-नऊ हजार कुटुंबे लागतात, असा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा 2006 सालचा हिशेब आहे. दोन हजार ते नऊ हजार हा रस्ता दहावीपर्यंत संपत नाही, पण तिथे सुरू व्हावा लागतो. आधी मधले शब्द, मग धातू, मग रोज वर्तमानपत्राचा एकच परिच्छेद, पण पूर्ण. दुर्मिळ शब्द शेवटी.

अण्णा 2009 साली गेले, आई त्यानंतर चार वर्षांनी. निळा डबा गंजून गेला, डालडाचा अजून आहे. सध्या रविवारच्या मुलांच्या कार्डांत त्यांनी स्वतः घरून आणलेले शब्द आहेत. एकीचे वडील सिक्युरिटीत आहेत, तिने 'रिलीव्हर' आणला. एकाची आई रुग्णालयात आया आहे, त्याने 'स्टेराइल' आणला. आणि एका मुलाने घराच्या पुनर्विकासाच्या करारातला 'टेनेबल' विचारला. तो धातू 'धरणे' या अर्थाचा, 'टेनंट' त्याच घरातला. पुढच्या रविवारी तोच घ्यायचा ठरला आहे. करार आणायला सांगितला आहे.