खाली गाडी, वर आपण

खारघरमध्ये फ्लॅट बघायला गेलं की एजंट तीन गोष्टी हमखास सांगतो: स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती तास आणि स्टिल्टमध्ये कव्हर्ड पार्किंग. पार्किंग म्हटलं की आपणही खूश. पण मंडळी, भूकंपाच्या दृष्टीने आपल्या बिल्डिंगची सगळ्यात नाजूक जागा बहुतेक वेळा तीच असते.

कारण सोपं आहे. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो सगळा भाग एखाद्या खोक्यासारखा ताठ. खाली मात्र नुसते खांब. जमीन हलली की वरचं खोकं अख्खंच्या अख्खं सरकतं आणि वाकायचं सगळं काम तळाच्या खांबांवर येतं. दहीहंडीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दणकट गडी खालच्या थराला असतात ना? आपण नेमकं उलटं करतो.

26 जानेवारी 2001 ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं. अहमदाबाद तिथून 200 किलोमीटरपेक्षा लांब, तरीही तिथे अशा खाली मोकळ्या असलेल्या कितीतरी इमारती बसल्या. त्या काही जुन्या वाड्यांसारख्या नव्हत्या, तुमच्या-माझ्यासारख्यांनी कर्ज काढून घेतलेले आरसीसी फ्लॅट होते.

तैवान बेटावर खाली दुकानं आणि वर घरं ही जुनी पद्धत. 21 सप्टेंबर 1999 च्या भूकंपात तिथे 2,400 हून जास्त माणसं गेली, आणि खालचा मजला चिरडून वरचे त्यावर बसलेत अशा इमारती बऱ्याच ठिकाणी दिसल्या. त्यानंतर त्यांनी नियम कडक केले, शाळा आणि सरकारी इमारती तपासून मजबूत करत नेल्या. 3 एप्रिल 2024 ला हुआलिएनजवळ 7.4 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मृतांचा आकडा विसाच्या आसपास राहिला. दोन्हींची केंद्रं वेगळी, त्यामुळे सरळ तुलना नको. पण मधल्या 25 वर्षांच्या कामाचा त्यात वाटा आहेच.

'आपल्याकडे कुठे होतात भूकंप?' हा पुढचा प्रश्न. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला झाला, धरणाला तडे गेले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला झाला, हजारो माणसं दगड-मातीच्या जड घरांखाली गेली. आणि किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन 1 मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या भागात! 2002 च्या नकाशात नवी मुंबई झोन 3 मध्ये आहे. मध्यम धोका. घाबरायची गरज नाही, पण झोपायचीही नाही.

कच्छनंतर 2002 मध्ये आयएस 1893 हा कोड सुधारला. तळमजला मोकळा ठेवायचा तर तिथले खांब-तुळया हिशोबापेक्षा अडीचपट जोर धरून डिझाइन करा, किंवा पुरेशा शिअर वॉल द्या, असं त्यात आलं. म्हणजे पहिला प्रश्न हा की आपल्या बिल्डिंगचं डिझाइन 2002 च्या आधीचं की नंतरचं? नंतरचं असेल तर हे कलम खरंच पाळलंय का?

आता स्ट्रक्चरल ऑडिट. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी करायचं असतं. पण त्यात बहुतेक वेळा गळती, तडे आणि गंजलेल्या सळया बघतात. स्टिल्टचे खांब भूकंपात टिकतील का, हे वेगळं विचारावं लागतं. न विचारता कुणी सांगत नाही.

उपाय आहेत. काही खांबांना जॅकेटिंग करायचं, काही खांबांच्या मधे काँक्रीटची भिंत किंवा स्टीलचं ब्रेसिंग द्यायचं. कुठे काय, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे काढलं, तर पहिला प्रश्न आला, "म्हणजे कुणाचं पार्किंग जाणार?" दुसरा एका काकांचा, "अरे, वीस वर्षं झाली, काही झालं का?"

अर्धा तास पार्किंगवरच गेला. लॉबीच्या टाइल्स मात्र दोन मिनिटांत पास झाल्या. असो. शेवटी इंजिनिअरकडून नुसतं कोटेशन मागवायचं ठरलं. दोन गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्या लागल्या तर पहिली माझी लावीन, असं सांगून आलोय.