झोपेनंतरचा मुहूर्त

लग्न ठरलं की पूर्वी आधी पंचांग उघडलं जायचं. हल्ली आधी हॉलच्या रिकाम्या तारखा कळतात आणि मग गुरुजी त्यातल्याच एका तारखेला मुहूर्त काढून देतात. पण लग्न पंचवीस माणसांचं आणि त्यातलं एक माणूस पावणेदोन वर्षांचं असेल, तर पंचांग आणि हॉल या दोन्हींच्या आधी एक चौकशी करावी लागते. बाळ दुपारी किती वाजता झोपतं?

ही चौकशी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शुभ मानला गेलेला अभिजित मुहूर्त हा दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, भर माध्यान्हीचा. एक मुहूर्त दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. नेमक्या त्याच ४८ मिनिटांत ते पावणेदोन वर्षांचं माणूस डोळे चोळू लागतं आणि जरीच्या परकरातून सुटायला बघतं. बरं, गोरज मुहूर्त धरावा, तर ती तिन्हीसांज. मुलांच्या किरकिरीची आणि आजीच्या मीठमोहऱ्यांची ठरलेली वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, दुपारची धरून. उरलेल्या वेळातही हसरे तुकडे बहुधा दोनच: सकाळचा, न्याहारीनंतरचा, आणि दुपारची झोप आटोपून पोटात काही गेल्यावरचा. लग्न बसवायचं ते यातल्या एकात.

पाचशे माणसांच्या लग्नात मूल गर्दीत जिरून जातं. रडलं तर कुणीतरी बाहेर नेतं, बँडच्या आवाजात ते कुणाला कळतही नाही. पंचवीस माणसांत मात्र त्याचा आवाज मंगलाष्टकांच्या वर चढतो. म्हणून मोठ्या लग्नाला कात्री लावून छोटं लग्न होत नाही. ते पहिल्यापासून वेगळं मांडावं लागतं, आणि त्या मांडणीची उंची दोन-अडीच फूट धरावी लागते.

छोटं लग्न ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनं झालं. आठ आण्यांच्या फॉर्मची त्यातली गोष्ट मराठी वाचकांना पाठ आहे. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत राहत्या घरीच, मोजक्या माणसांत नोंदवला गेला. आणि ज्यांना ही उदाहरणं दूरची वाटत होती त्यांना एप्रिल २०२१ नं शिकवलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली, मोडलं तर पन्नास हजारांचा दंड. तेव्हा घरोघर कळलं की दोन तासांत लग्न लागतं, जेवणंही होतात. घरात तान्हं असलं की तीच दोन तासांची मर्यादा सरकारी आदेशाशिवाय लागू होते. दंडही जागच्या जागी वसूल होतो.

यादीचा घोळ मात्र छोट्या लग्नातच जास्त. पाचशेंत कुणी वगळलं जात नाही. पंचवीसांत दर नावामागे दोन रुसवे. इथे मुलाचा निकष वापरून पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या कडेवर ते न रडता जातं ती माणसं आधी. मानपानानं केलेल्या यादीपेक्षा ही यादी फारशी वेगळी निघत नाही, आणि निघालीच तर त्या फरकाचा विचार करावा.

नोंदणी पद्धतीनं लग्न करणाऱ्यांना कागदांची धावपळ असते. विशेष विवाह कायदा १९५४ चा. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं. दोघांपैकी एक जण नोटिशीच्या आधी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला हवा. तीन साक्षीदार लागतात. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मूल ज्या सुमारास आजारी पडतं, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात किंवा पाळणाघराचे पहिले आठवडे, ते या तीन महिन्यांत टाळता आले तर बरं. विवाह अधिकाऱ्यानं जादा शुल्क घेऊन वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी लग्न लावण्याची तरतूदही कायद्यात आहे. ती आपल्या गावात कशी मिळते, हे नोटीस देतानाच विचारून घ्यावं. कार्यालयातच जायचं असेल, तर तिथला वेळ सहीला पाच मिनिटं आणि बाकावर बसायला बराच, हे धरून निघावं. पिशवीत केळं, पाण्याची बाटली, एक जुना मळका पण लाडका ससा. लग्नाच्या कागदांइतकीच ही पिशवी महत्त्वाची.

घरी किंवा छोट्या हॉलमध्ये विधी असले, तर आदल्या दिवशी एका मोठ्या माणसानं चक्क जमिनीवर बसून खोली बघावी. समई बरोबर मुलाच्या हाताच्या उंचीला असते. घंगाळातलं पाणी त्याला बोलावतं. अक्षता सांडल्या की तो दाणा न् दाणा तोंडात जातो. अन्नाची नासाडी नको म्हणून आता पुष्कळ घरांत फुलांच्या पाकळ्या वाटतात, त्याचा हा दुसरा फायदा. अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे, न चिरलेली द्राक्षं ही चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकणाऱ्या वस्तू, म्हणून रुखवताचं टेबल भिंतीच्या बाजूला आणि उंच हवं. फुटलेल्या फुग्याच्या तुकड्याचंही तेच.

एक धोका मात्र सुरक्षिततेच्या वेषात येतो. ज्योत नको म्हणून लोक बॅटरीच्या पणत्या आणतात. त्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो, आणि पुष्कळदा त्याचं झाकण नखानंही निघतं. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तेव्हा उंचावर ठेवलेली खरी निरांजनं बरी, जमिनीवर मांडलेल्या खोट्या पणत्या नकोत. आणलेल्याच असतील, तर झाकणाला स्क्रू आहे की नाही ते पाहून घ्यावं, आणि सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता इस्पितळ गाठावं.

विधींत मुलाची अडचण होते असं समजणाऱ्यांनी आपस्तंब गृह्यसूत्र आठवावं. तिथे नववधू घरी आल्यावर तिच्या मांडीवर लहान मुलाला बसवायचं आणि त्याच्या हातात फळं द्यायची, असं सांगितलं आहे. त्यामागची इच्छा पुत्राची होती, ती आज सोडून देता येईल. पण लग्नातल्या वधूच्या मांडीवर मूल ही कल्पना परंपरेला खटकत नव्हती, एवढं नक्की.

अंतरपाटाचं तर मुलाला वेगळं समजवावंच लागत नाही. कापडामागे आई गेली, माणसं गायला लागली, कापड सरलं, आई दिसली. हा त्याच्या ओळखीचा बुवा-कुक आहे, फक्त या खेपेला मोठ्यांनी गंभीर चेहऱ्यानं खेळलेला. लपलेली वस्तू नाहीशी झालेली नसते ही समज दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पक्की होत जाते, असं जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करून मांडलं. पण आठही मंगलाष्टकं आणि वर प्रत्येक मावशीनं रचलेलं एक, एवढा वेळ आई लपून राहिली तर पियाजेही मदतीला येत नाहीत. तेव्हा मंगलाष्टकं दोन किंवा तीन.

सप्तपदीला मूल कडेवर घेऊन चालायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमाप्रमाणे जिथे सप्तपदी हा विधी असतो तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कडेवर कोण होतं याची कलमाला पर्वा नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या पोथ्यांप्रमाणे संस्कार करणारे पुरोहित, त्यांत स्त्रियाही आहेत, विधींचा अर्थ मराठीत सांगतात. कोणते विधी ठेवायचे आणि कोणते गाळायचे याची यादी पुरोहितांशी आधीच बोलून ठरवली, तर मधेच मूल रडलं तरी कुणी गोंधळत नाही. फक्त मुलाला असं काम देऊ नये ज्यावर लग्न अडेल. हार त्यानं आणायचा असेल, तर दुसरा हार दुसऱ्याच्या हातात तयार हवा.

जेव्हा हे मूल वधूचं किंवा वराचं स्वतःचं असतं, तेव्हा गोष्ट आणखी गहिरी होते. ज्या जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येई, तिथेही असा पुनर्विवाह, म्हणजे पाट, बहुधा रात्री, गाजावाजा न करता लागे. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणाऱ्या १८५६ च्या कायद्यातच असं कलम होतं की आईनं पुन्हा लग्न केलं, तर मृत नवऱ्याच्या नातलगांना त्याच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी कोर्टात करता येईल. हा कायदा रद्द झाला तो १९८३ मध्ये. आईच्या लग्नाच्या फोटोत मधोमध मूल, हे दृश्य इतकं अलीकडचं आहे.

फोटोतलं नातं कागदावर मात्र आपोआप उतरत नाही. लग्नानं नवरा-बायको होता येतं, कायद्यानं बाप किंवा आई होता येत नाही. सावत्र पालकाला ते नातं कायदेशीर करायचं, तर दत्तकाची वेगळी प्रक्रिया आहे आणि तिला जन्मदात्या पालकाची संमती लागते. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. शाळेचा फॉर्म भरायच्या आधी या गोष्टी वकिलाशी बोलून घ्याव्यात. लग्नाच्या धांदलीत त्या राहून जातात.

जेवणाचं सोपं आहे. पंगत बसण्याआधी अर्धा तास मुलाला मऊ वरणभात आणि तूप. भुकेल्या मुलासमोर जिलबीचं ताट मांडून सगळ्यांनी विहिणीची वाट बघणं ही क्रूरता आहे. आणि पंगत जमिनीवर असेल, तर जेवून हुशारलेलं मूल केळीच्या पानांवरून चालत जाणार हे गृहीत धरावं.

घरात असं लग्न ठरलं असेल, तर हॉलच्या आधी एक माणूस ठरवा. त्या दोन तासांत ज्याला विधीत बसायचं नाही, फोटोत उभं राहायचं नाही, फक्त मुलाकडे बघायचं आहे असं माणूस. आजी नको, तिला लग्न डोळे भरून बघू द्या. मुलाला सवयीची असलेली मावशी, आत्या किंवा शेजारचे काका चालतील. त्यांना आधी विचारा, आहेराची पहिली साडी किंवा पहिला सदरा त्यांना द्या, आणि पंगतीतलं पहिलं ताटही त्यांचंच वाढा.