गोलकीपरला थांबता आलं पाहिजे

नांदेड

चि. सोहम यास,


तू लातूरचा क्लास सोडलास हे मला आधी दादाच्या फोनवरून कळलं आणि तुझं पत्र नंतर आलं. हा क्रमच मला आवडला नाही. खोली रिकामी केलीस, नीटची पुस्तकं जुनी म्हणून देऊन टाकलीस आणि बारावीचा परीक्षा अर्जही भरणार नाही, असं दादाला, स्वतःच्या बापाला, तोंडावर सांगितलंस. मला मात्र एवढंच विचारलंस, की सतरा म्हणजे गोलकीपरसाठी उशीर झाला का? त्याचं उत्तर दोन शब्दांत देते : नाही झाला. पण त्याखाली तू लिहिलंयस, की दुसरा रस्ता हाताशी ठेवणारे पहिल्या रस्त्यावर हरतात. ते वाक्य काही केल्या मनातून जात नाही. कुठल्या रीलमधून उचललंस? आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही.

आधी उशिराचं बोलू. फॉरवर्ड विशीत चमकून जातो. गोलकीपर हे मात्र तुरीचं पीक आहे. मूग-उडीद घरात आले तरी ते रानात उभंच असतं. क्रॉस कुठं पडेल, पुढं यायचं की रेषेवर थांबायचं, बचावातल्या कुणाला कुठं हलवायचं, हे नुसत्या झेपा मारून येत नाही. सामन्यांमागून सामने खेळूनच येतं. १९९२ मध्ये आपल्याच खेळाडूनं पायानं मागे दिलेला चेंडू हातात धरायला बंदी आली, तेव्हापासून पायांचं कामही शिकावं लागतं. इटलीचा दिनो झॉफ १९८२ मध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. शिवाय संघातल्या अकरा जागांपैकी तुझी एकच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या तिन्ही सामन्यांत धीरज सिंग गोलमध्ये होता. प्रभसुखन गिल बाकावर बसून राहिला. त्याच गिलनं २०२१-२२ च्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लव्ह घेतला. म्हणजे या धंद्यात वाट पाहणं हा अपघात नाही, तो धंद्याचाच भाग आहे.

लक्ष्मीकांत कट्टीमणीचं उदाहरण तू मोठ्या जोरात दिलंयस, पण अर्धंच. २० डिसेंबर २०१५ ला फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएलच्या अंतिम सामन्यात एफसी गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ नं पुढं होता. मग कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, भरपाईच्या मिनिटांत चेन्नईयिननं आणखी एक केला आणि घरच्या मैदानावर गोवा ३-२ नं हरला. २० मार्च २०२२ ला त्याच मैदानावर, पुन्हा अंतिम सामन्यात, हैदराबादकडून केरळ ब्लास्टर्सविरुद्ध खेळताना त्यानं टायब्रेकरमध्ये तिघांच्या पेनल्टी अडवल्या आणि चषक हैदराबादला मिळाला. समोरच्या गोलमध्ये होता तो हाच गिल. कट्टीमणी तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. तू यातून जिद्द घेतलीस, ठीक आहे. मला दिसतात ती मधली सव्वासहा वर्षं. गोलकीपरच्या आयुष्यात अशी अंतरं असतात आणि ती पार करायची तर तोवर पोटापाण्याची सोय लागते.

आता तू ज्याच्याकडे पाहतच नाहीस, ते ऐक. गोलकीपर उशिरा पिकतो आणि आपल्याकडचे क्लब लवकर मरतात. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला. पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. तोच हैदराबाद २०२२ मध्ये विजेता होता. २०२३-२४ मध्ये पगार थकले, खेळाडू सोडून गेले आणि संघ तक्त्यात तळाला राहिला. जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. कारण काय, तर महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. यात कुठल्या गोलकीपरचा दोष होता? एकाचाही नाही. तू म्हणशील, गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेला जाऊन खेळला, युरोपा लीगमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. झाला, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्याच बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या गोलकीपरच्या क्लबात हे होतं, तर बाकावरच्या तिसऱ्या पोराला कोण विचारणार?

पूर्वी या प्रश्नाला एक उत्तर होतं. रेल्वे, एअर इंडिया, ओएनजीसी यांचे संघ असत. चेंडू थांबला तरी नोकरी थांबत नसे. गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाकडून वर्षानुवर्षं खेळला, १९८३ ते १९८६ भारताचा कर्णधार होता. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये. मान सावकाश येतो, सोहम, आणि तोवर चूल पेटती ठेवावी लागते. म्हणून मी म्हणते, की हाताशी असलेला दुसरा रस्ता गोलकीपरला दुबळा करत नाही. वाट पाहण्याचं बळ त्याला तोच देतो. ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता आहे तो पहिल्या क्लबचा पहिला कागद वाचल्याशिवाय सही करतो, दुखरं बोट लपवून खेळतो, एका वाईट सामन्यानंतर कोसळतो.

यावर तुझं म्हणणं मला ठाऊक आहे : मन अर्धं होतं. नीटची तयारी आणि रोजचा सराव एकत्र होत नाही, हे मान्य. लातूरच्या क्लासचं वेळापत्रक दुसऱ्या कशालाही जागाच ठेवत नाही, हेही मी दादाला फोनवर स्पष्ट सांगितलं. पण शिक्षण म्हणजे फक्त डॉक्टरकी, ही दादाची चूक तू का उचलतोस? बीए कर, बीएस्सी कर, पुढं बीपीएड कर. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते राज्य-राष्ट्रीय पातळीच्या कामगिरीवर मिळतं आणि कित्येक पदांना पदवी लागतेच. विद्यापीठाचा संघही कॉलेजात नाव असेल तरच. बारावीचा अर्ज टाळलास तर ही सगळी दारं तू स्वतःच्या हातानं लावशील.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या लातूर-नांदेडला उंच, चपळ पोरं कमी नाहीत. सामने कमी आहेत. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण, आणि एक सामना हरला की संघ घरी. चांगला गोलकीपर घडायला जे लागतं, तेच नेमकं इथं मिळत नाही. नांदेडच्या हॉकी स्पर्धेला देशभरातून संघ येतात. फुटबॉलला तसं काही इथं उभं राहिलं असतं, तर तुला आज घर सोडायची भाषा करावी लागली नसती. म्हणून तू पुण्याला किंवा कोल्हापूरला जायला माझी ना नाही. नियमित लीग जिथं चालते तिथं जा, खालच्या गटातल्या संघात का होईना, पण दर आठवड्याला गोलमध्ये उभा राहा. लाखभर रुपये घेऊन निवडीची हमी देणाऱ्या अकादमीच्या दारात मात्र जाऊ नकोस. ट्रायलच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर आधी मला कळव. आणि तुझ्या त्या दुखऱ्या बोटाचा एक्स-रे काढलास का? त्याबद्दल तू अवाक्षरही लिहिलेलं नाहीस.

दादावर चिडू नकोस. त्यानं ग्लोव्ह्ज कपाटात टाकून कुलूप लावलं हे चूकच झालं. किल्ली तुझ्याकडे द्यायला मी त्याला सांगितलं आहे आणि तो देईल. त्याच्या बदल्यात तू बारावीचा अर्ज या आठवड्यात भर, परीक्षा दे, आणि कॉलेज निवडताना तिथल्या मैदानाची आणि संघाची चौकशी कर. पुढची पाच वर्षं अभ्यास आणि गोल दोन्ही सांभाळ. पाच वर्षांनी तू बावीसचा होशील, आणि गोलकीपरसाठी ते सुरुवातीचं वय आहे.

तुझी,
आत्या