आराखडा आणि अंगणवाडीताई

पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 20 ऑक्टोबर 2022 रोजी जाहीर झाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एकच टप्पा मानले: पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पुढे पहिली-दुसरी. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेला हा आराखडा या टप्प्यासाठी आहे. लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार सरकारी कागदांवर आधीही होता; 2013 मध्ये त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आले होते. मात्र बालवाडी आणि पहिली यांची गाठ इतकी पक्की प्रथमच बांधली गेली.

ही गाठ प्रत्यक्षात अंगणवाडी सेविकेच्या हातात आहे. देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत, आणि खेड्यापाड्यांतल्या बहुतेक मुलांची पहिली शिक्षिका म्हणजे तिथली ताई. ती महिला व बालविकास विभागाची, पहिलीचे गुरुजी शालेय शिक्षण विभागाचे. 2020 च्या धोरणाने या दोन विभागांना जोडणारी तरतूद केली आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, आणि शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्राकडून महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग. त्यानंतर महिला व बालविकास मंत्रालयाने 10 मे 2023 रोजी ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला, आणि मार्च 2024 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. रोज किमान दोन तास शिक्षणाचे, ही त्यातली अपेक्षा. सेविकांपर्यंत मात्र पहिल्या फेरीत पोहोचले ते तीन दिवसांचे प्रशिक्षण. सहा महिने आणि तीन दिवस यांतले अंतर अंगणवाडीत रोज दिसते.

प्रस्तुत लेखिका पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांच्या एका बीटवर, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटावर, पर्यवेक्षिका आहे. तालुक्याच्या सभागृहात होणाऱ्या प्रशिक्षणात पडद्यावर पंचकोश, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती यांच्या पाट्या सरकत राहतात. सेविका मन लावून लिहून घेतात, काहींच्या मांडीवर तान्ही मुले असतात. त्यांचे खरे प्रश्न जेवणाच्या सुट्टीत निघतात. ‘मॅडम, खेळच घ्यायचे तर लिहायला कधी शिकवायचं? आया पाटी बघतात.’ हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यालगतच्या गावात खासगी नर्सरीची गाडी येते, तिथली मुले एबीसीडी म्हणून दाखवतात, आणि पाड्यावरची आई दोन्हींची तुलना करते. तिला आराखड्यातली परिभाषा ऐकवून उपयोग नसतो. पालक सभेत मुलांना मणी ओवायला, चिंचोके निवडायला बसवले आणि पेन्सिल धरण्याआधी बोटांना हीच ताकद लागते हे समोर दाखवले, की बोलणे बदलते. असे दाखवण्याचा सराव सेविकेला हवा असतो, आणि तो सभागृहात मिळत नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून खोल आहे. घरची भाषा हीच शिकण्याची भाषा, असे आराखडा निःसंदिग्धपणे सांगतो. या बीटवरची बहुतेक मुले घरी वारली बोलतात, सेविकाही पाड्यावरच्याच, वारली बोलणाऱ्या. मूल रडले तर ती त्याला वारलीतच समजावते, भात वाढताना वारलीतच बोलते. पण ‘आता शिकवायचं’ असे ठरले की तिची भाषा एकदम पुस्तकी मराठी होते, आणि मघाशी बडबडणारे मूल गप्प होते. प्रशिक्षणाचे साहित्य प्रमाण मराठीत, प्रशिक्षकाचे बोलणे प्रमाण मराठीत. घरची भाषा वर्गात आणायला परवानगी आहे, इतकेच नव्हे तर ते अपेक्षित आहे, हे तिच्या मनात ठसावे कसे? बीट बैठक सभागृहातून हलवून एका अंगणवाडीत घेतली जाऊ लागली, तेव्हा हे सुटायला लागले. मुलांसमोर एका सेविकेने गोष्ट आधी वारलीत सांगितली, मग तीच चित्रांवर बोट ठेवत मराठीत. मुले मध्येच प्रश्न विचारू लागली. बाकीच्या सेविका भिंतीला टेकून पाहत होत्या, आणि चर्चा आपोआप सुरू झाली: कोणत्या वस्तूला मराठी शब्द द्यायचा, कोणता वारली शब्द तसाच राहू द्यायचा, कधी थांबायचे. कोणत्याही पुस्तिकेपेक्षा ही तासाभराची चर्चा मोलाची ठरली.

मुलांसमोरच शिक्षिकेने शिकणे पालघर जिल्ह्याला नवे नसावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये इथल्या बोर्डीला आल्या, आणि 1957 मध्ये सहकारी अनुताई वाघांसह त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, बिया, गारगोट्या हे तिथले शैक्षणिक साहित्य. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. मुलांचा वर्ग आणि शिक्षिकेचे अध्यापन मंदिर एकमेकांना लागून असावे, हा त्यांचा आग्रह होता. अभ्यासक्रम एका इमारतीत आणि प्रशिक्षण दुसऱ्या तालुक्यात, अशी विभागणी त्या परंपरेत बसतच नाही.

वेळेचा हिशेबही मांडला पाहिजे. वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, गरम आहार, गरोदर मातांच्या भेटी, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरची नोंद या सगळ्यांतून दोन तास काढायचे, तर मदतनीस ताईलाही प्रशिक्षणात बसवावे लागेल. जिथे मदतनीस गोष्ट सांगू शकते, गाणी घेऊ शकते, तिथे मुलांचे तास बुडत नाहीत. सध्याच्या आखणीत तिचा विचार फारच थोडा आहे.

पहिलीच्या शिक्षकांना पायाभूत साक्षरतेचे प्रशिक्षण मिळते, सेविकांना आधारशिलेचे. दोन्ही गट एकाच आराखड्यावर चालतात, पण पुष्कळदा एकमेकांना ओळखतही नाहीत. जूनमध्ये मूल पहिलीत जाते तेव्हा त्याच्याबद्दल ताईला असलेली माहिती शाळेत पोहोचत नाही. म्हणून समूह साधन केंद्राचे केंद्रप्रमुख आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका यांनी धोरणातला महिन्याचा तो एक वर्ग एकत्र घ्यावा, तोही पाड्यावरच्या अंगणवाडीत, मुले हजर असताना, आणि पहिलीच्या शिक्षकांना सोबत बसवून. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. तरतूद 2020 पासून लिहिलेली आहे, तिची तारीख ठरवणे बाकी आहे.